घरी संकट आणि आपलं मन मात्र अभ्यासात रमतंय, मग आपण दगड आहोत का?

हा प्रश्न मला कितीतरी मुलं विचारतात. कुणाचे वडील आयसीयूत असतात, कुणाच्या घरी कर्जापायी शेत विकायला निघालेलं असतं, आणि यांना अभ्यासात गोडी वाटली की स्वतःचीच लाज वाटते. अशांसाठी पुण्यात एमएस्सी कॉम्प्युटर करणाऱ्या एका मुलाची गोष्ट सांगते, त्याला विचारूनच, ओळख पटणार नाही इतपत बदलून.

मुलगा गाझाचा, घर खान युनिसला. 27 ऑक्टोबर 2023 ला संध्याकाळी गाझातले फोन, इंटरनेट सगळंच बंद पडलं ते जवळपास दीड दिवस. त्यानंतर तो माझ्याकडे आला, फोन टेबलावर पालथा पण हात त्याच्यावरच. आईला केलेल्या मेसेजवर रात्रभर एकच टिक होती म्हणाला, मग खाली बघून, "मॅडम, त्या रात्री मी क्रिप्टोग्राफीची, म्हणजे निरोप गुप्त करायची गणितं सोडवत होतो, आणि मला मजा येत होती."

मी म्हटलं, दाखव ना कसली गणितं. माझ्याच पॅडवर लिहायला लागला, आरएसए, निरोप कुलूपबंद करायची 1977 ची पद्धत. 3 आणि 11 या दोन मूळ संख्या, गुणाकार 33. आपला निरोप समजा 4, त्याचा घन 64, 33 ने भागून बाकी 31, हा 31 पाठवायचा. पलीकडच्याने 31 चा सातवा घात करून परत 33 ने भागायचं, बाकी 4. "आला परत!" खऱ्या वापरात त्या मूळ संख्या तीनशेच्या वर अंकी असतात, नाहीतर कुणीही फोडेल. मग नवव्या शतकातल्या बगदादच्या अल-किंदीने अक्षरं मोजून गुप्त लिपी कशी फोडायची ते अरबीत लिहून ठेवलंय, तेही सांगितलं. एव्हाना फोनवरचा हात निघाला होता.

मी त्याला स्पष्ट सांगितलं, बाळा, हा कोरडेपणा नाही. चोवीस तास धोक्याकडे टक लावून बसणं कुणालाच झेपत नाही, जिथे काहीतरी आपल्या हातात असतं तिथे मन जरा टेकतं. काळजी मला दुसऱ्याच गोष्टीची वाटली, तो दोन दोन दिवस धड जेवत नव्हता, झोपत नव्हता, त्यामुळे आधी तेच हातात घेतलं. बातम्या बघायचं काम रूममेटने घेतलं, फोन बघायच्या वेळा त्याच्या त्यानेच ठरवल्या, गाईडना सगळं सांगून सबमिशनला मुदत मागितली. अपराधी वाटणं लगेच गेलं नाही, अजूनही अधूनमधून येतं. लाइन सुरू झाल्यावर आईचा पहिला मेसेज आला त्यात तिने परीक्षा कधी आहे ते विचारलं होतं, तो माझ्यासमोर वाचताना मात्र खूप रडला.

मध्यंतरी म्हणाला, निरोप कुलूपबंद करायला शिकलो पण रस्ताच बंद असेल तर? आता नेटवर्क नसताना निरोप ब्लूटूथवरून या फोनवरून त्या फोनवर कसा सरकवायचा आणि वाटेत कुणाला वाचता येऊ नये म्हणून काय करायचं, यावरच प्रोजेक्ट करतोय.