‘श्वेतो धावति’ : याला श्लेष म्हणू नका

प्रश्न असा आहे की इंग्रजीत मॅड गॅब नावाचा एक खेळ असतो, कार्डावर असंबद्ध शब्द छापलेले, उदाहरणार्थ ‘आस्क रूड अराइव्ह हर’, ते मोठ्याने भराभर वाचले की ऐकणाऱ्याला ‘अ स्क्रूड्रायव्हर’ ऐकू येतं, तर याला मराठीत काय म्हणायचं आणि आपल्याकडे असं काही होतं का.

होतं, आणि फार जुनं होतं. पण त्याआधी एक, कृपा करून याला श्लेष म्हणू नका. हल्ली शब्दांची काहीही गंमत दिसली की लोक ‘व्वा, काय श्लेष आहे’ म्हणतात, निम्मे लोक ‘यमक’ म्हणतात, काही जण तर ‘कच्चा पापड पक्का पापड’च्या रांगेत नेऊन बसवतात. श्लेषातला धातू श्लिष्, म्हणजे चिकटणं, मिठी मारणं. आश्लेष म्हणजे मिठी, श्लेष्मा म्हणजे चिकट कफ, सगळं एकाच घरातलं. एका शब्दाला दोन अर्थ चिकटलेले असतात तिथे श्लेष. ‘हे मेघा, तू सर्वांना जीवन देतोस’ यात जीवन म्हणजे पाणी आणि आयुष्यही, पण शब्द जागचा हललेला नाही. तुमच्या कोड्यात नेमकं उलटं होतं, तिथे काही चिकटत नाही, तिथे तुटतं, आणि कुठे तुटतं यावरच सगळं अवलंबून असतं.

यावर कोणीतरी लगेच ‘सभंग श्लेष’ म्हणणार (शब्द तोडून दुसरा अर्थ निघतो तो सभंग, न तोडता निघतो तो अभंग), शाळेच्या व्याकरणात तसंच असतं. या गोंधळाचं मूळ माझ्या मते मम्मट या जुन्या संस्कृत काव्यशास्त्रकाराकडे जातं. त्याने ‘काव्यप्रकाशा’त सभंग आणि अभंग दोन्ही एकाच पोत्यात घातले, दोन्ही शब्दश्लेषच म्हणाला, कारण शब्द बदलून समानार्थी घातला की दोन्हीकडे गंमत जाते. कसोटी म्हणून हे ठीक आहे, पण त्यात कानाचा विचारच नाही. त्याच्यानंतरच्या रुय्यकाला हे कळलं होतं. तो म्हणतो अभंग म्हणजे एका देठाला दोन फळं, आणि सभंग म्हणजे लाकडाला लाख चिकटवल्यासारखं, वस्तू मुळात दोन, दिसायला एक. मी शंभर टक्के रुय्यकाच्या बाजूने आहे, आणि पाठ्यपुस्तकवाल्यांनी मम्मटाऐवजी त्याला वाचलं असतं तर पोरांना सभंग आणि अभंग हे नुसते पाठ करायचे दोन शब्द वाटले नसते.

तरी रुय्यकाकडेसुद्धा या प्रकाराला वेगळं नाव नाही. ते नाव त्याच्या हजाराहून जास्त वर्षं आधी वैयाकरण पतंजलीने देऊन ठेवलंय आणि आपण ते वापरत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं. महाभाष्य या आपल्या व्याकरणग्रंथात तो म्हणतो की एका कारणाची कामं दोन असू शकतात, आंब्याला पाणीही घातलं जातं आणि पितरही तृप्त होतात, तशीच वाक्यंसुद्धा ‘द्विष्ठ’ असतात, आणि उदाहरण देतो ‘श्वेतो धावति’. एकदा ऐका, पांढरा धावतोय. परत ऐका, श्वा इतो धावति, कुत्रा इथून धावतोय! श्वा अधिक इतः, संधी झाला की श्वेतः. पुढचं उदाहरण ‘अलम्बुसानां याता’, एकीकडे अलम्बुस लोकांकडे जाणारा, दुसरीकडे अलं बुसानां याता, भूस मिळवायला समर्थ असलेला. हे मॅड गॅबच आहे, दोन हजार वर्षांपूर्वीचं, कार्डं तेवढी नाहीत.

आता ‘द्विष्ठ’ हा शब्द बघा. द्वि अधिक स्था, दोन ठिकाणी उभं असलेलं. स् चा ष् झाला, त्याच्या शेजारी थ चा ठ झाला. (ज्येष्ठ, श्रेष्ठ, कनिष्ठ यातला ष्ठ वेगळा हं, तो तुलनेचा प्रत्यय आहे, त्यात कोणी उभं नाही.) हाच स्था ‘निष्ठा’ आणि ‘प्रतिष्ठे’त आहे, ‘युधिष्ठिर’ म्हणजे युद्धात स्थिर, आणि सगळ्यात सुंदर म्हणजे ‘गोष्ठ’, गाई उभ्या राहतात ती जागा. त्याचा मराठीत सरळ ‘गोठा’ झाला. पण संस्कृतात त्याच गोष्ठावरून ‘गोष्ठी’ आली, म्हणजे आधी माणसं जमण्याची जागा, मग ती जमलेली मंडळी, मग त्यांचं बोलणं, आणि मराठीत शेवटी ‘गोष्ट’. गोठा आणि गोष्ट सख्खी भावंडं आहेत! मी हे ज्याला सांगतो त्याला आधी खोटं वाटतं. तर ‘द्विष्ठ’ हा असा घरचा शब्द आहे, परका वाटायचं काहीच कारण नाही, ‘द्विष्ठ कोडं’ म्हणा, चार वेळा म्हटलं की रुळेल.

‘केशवं पतितं दृष्ट्वा द्रोणो हर्षमुपागतः’ (वरवर अर्थ, केशव पडलेला पाहून द्रोणाला आनंद झाला) हा श्लोक बऱ्याच जणांना येतो, पण त्यात दोन्ही प्रकार शेजारी शेजारी आहेत हे कोणी सांगत नाही. केशव तोडायचा, के शवं, पाण्यात प्रेत, हे द्विष्ठ. द्रोण म्हणजे कावळा आणि पुढच्या ओळीतले रडणारे कौरव म्हणजे कोल्हे, हे तोडायचे नाहीत, हे श्लेष.

आणि तोडण्यावरून भांडणं केवढी झालीत. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात ‘वने न वायो’ असं एक ठिकाण आहे. शाकल्याने पदपाठ करताना, म्हणजे मंत्रातले शब्द सुटे करताना, ‘वा यः’ (किंवा, जो) असं तोडलं. यास्काने निरुक्तात, म्हणजे वैदिक शब्दांचे अर्थ उलगडणाऱ्या आपल्या ग्रंथात, त्याला नाव घेऊन खोडलंय, म्हणाला हा एकच शब्द, वायः, पक्ष्याचं पिल्लू. पुरावा काय दिला? ‘यः’ असता तर पुढचं क्रियापद उदात्त (चढ्या स्वराचं) झालं असतं, आणि अर्थही अपुरा राहतो. म्हणजे आघातावरून सोडवलं, कानाने! कार्ड वाचताना तुम्ही हेच करता, तेच शब्द हेल बदलून परत म्हणून बघता.

‘माँडेग्रीन’ हा शब्दही इथे चालणार नाही. तो सिल्व्हिया राइट या बाईंनी १९५४ मध्ये काढला, एका स्कॉटिश गाण्यातलं ‘लेड हिम ऑन द ग्रीन’ त्यांना लहानपणी ‘लेडी माँडेग्रीन’ ऐकू यायचं म्हणून. ती ऐकण्यातली चूक. आपल्या आरतीत ‘फणिवरबंधना’चं ‘फळीवर वंदना’ आणि ‘संकटी पावावे’चं ‘संकष्टी पावावे’ होतं ते माँडेग्रीन. (फणिवरबंधना म्हणजे ज्याने नाग कमरेला बांधलाय तो, दरवर्षी फळीवर वंदना ऐकून मला त्रास होतो.) कोडं मुद्दाम रचलेलं असतं, चुकून घडत नाही.

मराठीत रचायचं तर म्हणी घ्या. ‘ले की, बोले, सू, नेला गे’. मोठ्याने म्हणा. लेकी बोले सुने लागे. ‘का मा, पुरता मामा?’ सोपं आहे. ‘पळ साला, पानं ती नच’ हे मला फार आवडतं, कारण आपण बोलताना ‘पळसाला’मधल्या ळ चा अ गिळतो, म्हणून ‘पळ साला’ तंतोतंत बसतं. हाच गिळलेला अ पुस्तकातलं लाडकं उदाहरण मात्र मारतो, ‘श्रीकृष्ण नवरा मी नवरी, शिशुपाल नवरा मी न वरी’. वृत्तात सगळी अक्षरं पूर्ण म्हणतात तेव्हा ठीक, पण नुसतं बोलताना आपण ‘नव्री’ म्हणतो आणि ‘न वरी’त व पूर्ण वाजतो, म्हणजे कागदावर जुळतं, कानाला नाही. इंग्रजीला स्पेलिंगच्या आड लपता येतं, आपल्याला जवळजवळ फक्त तोडण्याच्या आड.

म्हणून रचताना च, ज, झ कडे नीट बघा, ही अक्षरं एक आणि आवाज दोन. ‘उंटावर चा, शहा, ना’ असं कोणी ‘उंटावरचा शहाणा’साठी रचेल आणि कागदावर खूश होईल, पण ‘वरचा’मधला च दातांजवळचा, चंद्रातल्यासारखा नाही, आणि प्यायचा ‘चा’ टाळूचा. मोठ्याने वाचलं की समोरचा उंट सोडून चहाच ऐकणार.