कोड आला म्हणजे थ्रॉटल बॉडी गेली असं नसतं

प्रश्न : माझी टर्बो पेट्रोल हॅचबॅक आहे. ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, रिमॅप करून घेतला (त्यातलं सॉफ्टवेअर, म्हणजे मॅप, बदललं), सोबत मोठा इंटरकूलर (टर्बोची गरम हवा थंड करणारा) आणि त्याचे नवे पाइप बसवले. पंधरा दिवस गाडी झकास पळाली. आता तिसऱ्या-चौथ्या गिअरला फुल थ्रॉटल दिला की ४५०० आरपीएमच्या आसपास पॉवर एकदम जाते, चेक इंजिन लाइट लागतो आणि गाडी लिंप मोडला जाते, म्हणजे पॉवर कापून जेमतेम चालते. बंद करून चालू केली की परत ठीक. हळू चालवली तर दिवसभर काही नाही. कोड येतो पी२१३५. थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग) साफ केली, फरक नाही. एक जण म्हणतो थ्रॉटल बॉडीच बदला, ट्यूनर म्हणतो मॅपमधून तो कोड बंद करून टाकतो. काय करू?

उत्तर : कोड बंद करू नका. हे आधीच सांगतो कारण बाकी सगळं चुकलं तर पैसे जातील, हे चुकलं तर जीव जाईल. तुमच्या गाडीत ॲक्सिलरेटरची केबल नाहीये, पेडलवरचे सेन्सर ईसीयूला सांगतात आणि ईसीयू मोटरने थ्रॉटलची पाकळी उघडतो. पाकळी नक्की किती उघडली हे सांगायला आत दोन सेन्सर असतात, एकच का नाही, तर एक खोटं बोलायला लागला तर दुसऱ्यावरून ते पकडता यावं म्हणून. पी२१३५ म्हणजे या दोघांचं एकमेकांशी जुळत नाहीये, एवढंच. हा राखणदार झोपवला तर उद्या पाकळी उघडीच राहिली तरी ईसीयूला पत्ता लागणार नाही.

आता थ्रॉटल बॉडी. कोडमध्ये पार्टचं नाव नसतं, सर्किटची तक्रार असते. सेन्सर, कपलर (वायर जोडायचा प्लग), वायर, ५ व्होल्टचा सप्लाय, अर्थ, यातलं काहीही असू शकतं आणि थ्रॉटल बॉडी त्यातलं फक्त एक आहे. तुमच्या पत्रात मला सगळ्यात महत्त्वाचं वाक्य वाटलं ते म्हणजे हळू चालवली तर काही होत नाही. सेन्सरचा ट्रॅक झिजला असेल तर साधारण रोज जिथे पाकळी असते त्याच जागी झिजतो, म्हणजे थोड्या उघडझापीत, आणि मग त्रास सिटी ड्रायव्हिंगमध्ये जास्त दिसतो. तुमचं उलटं आहे, त्यात नुकतेच पाइप बदललेत, म्हणून माझा पहिला संशय वायरिंगवर आहे.

कोड अजून डिलीट केला नसेल तर आधी स्कॅनरने फ्रीझ फ्रेम वाचा, त्यात कोड पडला त्या क्षणाचा आरपीएम, लोड वगैरे असतं. मग इग्निशन ऑन, इंजिन बंद, आणि लाइव्ह डेटात थ्रॉटलच्या दोन्ही सेन्सरचे व्होल्टेज लावा. पेडल अगदी सावकाश खालपर्यंत दाबा आणि सोडा. बऱ्याच गाड्यांत एकाचं व्होल्टेज चढतं तेव्हा दुसऱ्याचं तेवढंच उतरतं, दोघांची बेरीज कायम ५ च्या जवळ राहते. (काही गाड्यांत दोन्ही चढतात, तुमच्या गाडीचं मॅन्युअल बघून घ्या.) स्कॅनरवर वीस गोष्टी एकदम लावू नका, साधे स्कॅनर तेवढ्याने फार हळू होतात आणि क्षणभराचा झटका निसटून जातो, चारपाचच ठेवा: दोन व्होल्टेज, मागितलेला थ्रॉटल, प्रत्यक्ष थ्रॉटल, आरपीएम.

मॅप की वायरिंग ते गाडी चालवताना हेच आकडे रेकॉर्ड केले की कळतं. पॉवर जाताना मागितलेला थ्रॉटलच आधी खाली येत असेल तर ईसीयू स्वतः टॉर्क (इंजिनची ओढ) कापतोय, तो मॅपचा विषय, ट्यूनरला टॉर्क लिमिट बघायला सांगा. मागितलेला थ्रॉटल वर राहिला आणि प्रत्यक्षातला मागे पडला तर पाकळी अडकतेय किंवा मोटरचा प्रॉब्लेम. पण दोनपैकी एकच व्होल्टेज अचानक उडी मारत असेल तर मॅपचा काही संबंध नाही, तारेतलं व्होल्टेज सॉफ्टवेअरने हलत नाही. खात्रीच करायची तर एक दिवस स्टॉक मॅप टाकून चालवा, तरीही कोड आला तर मॅपचा दोष नाही.

माझ्या स्वतःच्या गाडीला हेच झालं होतं म्हणून इतकं सांगतोय. इंजिन बंद, इग्निशन ऑन ठेवून मी हार्नेस (वायरांची जुडी) वीतभर वीतभर हाताने हलवत गेलो, बेरीज ५.० वर ठाम होती, आणि इंटरकूलरच्या पाइपजवळ आल्यावर एकदम ४.४ झाली, सोडला की परत ५.०. बाहेरून हार्नेसवरची काळी नळी धडधाकट दिसत होती. ब्लेडने चिरली तर पाइपच्या क्लॅम्पच्या स्क्रूचं टोक आत घुसलेलं, एका वायरचं कोटिंग गेलेलं, तांबं हिरवं पडलेलं आणि जेमतेम तीन-चार तारा शिल्लक. फुल लोडला इंजिन माउंटिंगवर कलतं, हार्नेस ओढला जातो, त्या तारा क्षणभर सुटतात. नव्या पाइपला जागा करायला हार्नेस मीच बाजूला बांधला होता. वायर सोल्डर केली, हीट श्रिंक चढवला, क्लॅम्प फिरवला, आणि हार्नेसला थोडा ढील दिला. कोड परत आला नाही.

तुमच्याकडे हलवून काही सापडलं नाही तर कपलर काढून पिना बघा, सैल किंवा तेलकट आहेत का, मग ५ व्होल्टचा सप्लाय मोजा. ट्यूनिंगच्या वेळी मॅप सेन्सर (हवेचा दाब मोजणारा, सॉफ्टवेअरच्या मॅपशी याचा संबंध नाही) बदलला असेल तर ते नक्की सांगा, कारण काही गाड्यांत ५ व्होल्टची लाइन सामाईक असते आणि चुकीच्या जोडणीने सगळेच सेन्सर खाली ओढले जातात. अर्थची पिन आणि बॅटरीचा निगेटिव्ह यांच्यात ०.१ व्होल्टच्या वर दिसलं तर अर्थिंगमध्ये गडबड. हे सगळं बरोबर निघालं तरच थ्रॉटल बॉडी घ्या.

प्रश्न : थ्रॉटल बॉडी साफ केल्यावर आयडल १५०० ला अडकलंय, पी०५०७ (आयडल जास्त असल्याचा कोड) येतो. बिघडवली का मी?

उत्तर : बहुतेक नाही. काजळी साठलेली असताना ईसीयूने पाकळी थोडी जास्त उघडायची सवय लावून घेतलेली असते, काजळी गेली, सवय राहिली. स्कॅनरमधून थ्रॉटल ॲडॅप्टेशन करा, म्हणजे ईसीयू पाकळीची जागा नव्याने शिकेल. त्यानेही उतरलं नाही तर कुठून तरी जास्तीची हवा आत येतेय, पाइप आणि गास्केट तपासा. आणि इग्निशन ऑन असताना पाकळीत बोट घालू नका, मोटर ती जोरात मिटवते.

प्रश्न : मोठी थ्रॉटल बॉडी बसवल्यापासून पी००६८ (पाकळी आणि हवेचं माप जुळत नसल्याचा कोड) येतोय. सेन्सर नवे आहेत.

उत्तर : सेन्सर बरोबरच असतील. पाकळी इतकी उघडली म्हणजे हवा इतकी यायला हवी, हा हिशेब ईसीयूत जुन्या मापाचा आहे, आणि तुमच्याकडे तेवढ्याच उघडझापीत जास्त हवा येतेय. आधी जोडांमधून हवा गळत नाहीये ना ते स्मोक टेस्टने, म्हणजे पाइपांत धूर सोडून, बघून घ्या, मग ट्यूनरकडून नव्या मापाचं कॅलिब्रेशन करून घ्या. तोपर्यंत जुनी थ्रॉटल बॉडी लावून चालवा.