आतेच्या गॅरेजमधलं खोकं

प्रिय मुली,

तुझं पत्र दोनदा वाचलं. सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या डेली सिटीत फिलिपिनो ज्येष्ठांच्या केंद्रात काम मिळालं याचा मला मनापासून आनंद झाला. पण पत्राच्या शेवटी तू जे लिहिलंस ते मनात राहिलं. 'मी बिंगो मांडते, ते खेळतात, थँक यू म्हणतात, आणि माझी पाठ वळली की त्यांच्या भाषेत बोलू लागतात. मावशी, माझं काय चुकतंय?'

चुकत काही नाही, पण तू उलट्या टोकापासून सुरुवात केलीस. मी अठ्ठावीस वर्षं फिलिपिनो नर्सबरोबर रात्रपाळ्या केल्या, निवृत्त झाल्यावर त्यांच्याच गल्लीत घर घेतलं. मला जे उशिरा कळलं ते तुला आधीच कळावं म्हणून सविस्तर लिहिते.

आधी हाक. 'मिसेस अमुक' म्हणणं सोडून दे. त्या शब्दानं माणूस तुझ्यापासून हातभर लांब जाऊन बसतो. त्यांच्यात मोठ्या बहिणीला 'आते' म्हणतात, मोठ्या भावाला 'कुया'. नात्यातली नसली तरी म्हणतात, जशी आपण भाजीवालीला मावशी म्हणतो. माझी शेजारीण माझ्याहून सात वर्षांनी मोठी, म्हणून ती माझी आते. पहिल्यांदा हाक मारली तेव्हा मला आमच्या देवरुखच्या आत्याची आठवण आली होती. तू वयानं लहान, तेव्हा तू 'तीता' नि 'तीतो', म्हणजे मावशी नि काका म्हण, फार म्हातारी असतील त्यांना 'लोला' नि 'लोलो', म्हणजे आजी नि आजोबा. फिलिपिन्सच्या इलोकोस भागातून आलेले असतील तर आते-कुयाऐवजी 'मानांग' नि 'मानोंग'. कोण कुठला हे विचारून घे, विचारलेलं त्यांना आवडतं.

आणि नमस्कार. वाकून वडीलधाऱ्यांचा हात आपल्या हातात घ्यायचा, त्याची मागची बाजू आपल्या कपाळाला लावायची आणि म्हणायचं, 'मानो पो'. शेवटचा 'पो' हा आदराचा, आपल्या 'अहो'सारखा. अमेरिकेत वाढलेली त्यांची नातवंडं पुष्कळदा नुसतं 'हाय' म्हणून खोलीत निघून जातात. पाया पडायची सवय असलेल्या तुला हे जड जाणार नाही. सोमवारी करून बघ, आणि त्या वेळी त्यांच्या चेहऱ्याकडे बघ. चेहऱ्याला ते 'मुखा' म्हणतात बरं का. शिक्षकाला 'गुरो', आशेला 'आसा'. आपल्याशी हे नातं जुनं आहे: मनिलाजवळच्या लागुना प्रांतात एक ताम्रपट सापडलाय, त्यावरचा काळ शके ८२२, वैशाख वद्य चतुर्थी असा आहे. निवृत्त शिक्षिका असलेल्या एका लोलाला मी हे सांगितलं, तेव्हा तिनं माझा हात किती तरी वेळ सोडला नाही.

आता जेवण. इथं मी स्वतः चुकले, म्हणून सांगते. नोकरीचं पहिलं वर्ष. आमच्या वॉर्डातल्या वरिष्ठ नर्सचा वाढदिवस होता, तिनं फॉइलच्या मोठ्या ट्रेमध्ये पान्सित आणलं होतं. पान्सित म्हणजे परतलेल्या शेवया. वाढदिवसाला त्या करतातच, लांब शेवया म्हणजे लांब आयुष्य, म्हणून तोडत नाहीत. मी मासे खाणारी, पण डुकराचं मांस कधी शिवलेलं नव्हतं. हात जोडून, अगदी नम्रपणे 'नको' म्हटलं. ती हसली. त्यानंतर आठवडाभर ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. मला वाटलं, रागावली.

तो राग नव्हता. त्याला ते 'ताम्पो' म्हणतात. मराठीत त्याला तंतोतंत शब्द आहे, रुसवा. परक्यावर कोणी रुसत नाही. तिनं मला आपलं मानलं होतं, म्हणूनच तिला लागलं. रुसवा काढायला जे करतात त्याला 'लाम्बिंग' म्हणतात, आपली लाडीगोडी. मी गूळ घालून नारळीभात केला, डब्यात भरला आणि रात्री दोनच्या सुट्टीत तिच्यापुढे ठेवला. तिनं एक घास घेतला आणि म्हणाली, 'हा तर आमचा बिको!' चिकट तांदूळ, नारळाचं दूध आणि गूळसाखर घालून ते बिको करतात. त्यानंतर दर वाढदिवसाला माझ्यासाठी डुकराविना पान्सितची वेगळी वाटी येत राहिली, ती निवृत्त होईपर्यंत.

म्हणून तुला सांगते, 'नको' म्हणून थांबू नकोस. 'हे मला चालत नाही, पण ते लुंपिया घरी न्यायला द्याल का?' असं म्हण. लुंपिया म्हणजे पातळ आवरणात सारण गुंडाळून तळलेले रोल. ते आनंदानं फॉइलमध्ये बांधून देतील, दुप्पट देतील. डबा दिला तर आपल्या रीतीप्रमाणे रिकामा परत करू नकोस. आणि भेटल्यावर त्यांचा पहिला प्रश्न 'कुमाइन का ना?' असा येईल. म्हणजे 'जेवलीस का?' त्यावर फक्त 'हो' म्हणून पुढे जाऊ नकोस. काय जेवलीस ते सांग, त्यांना ते खरोखर ऐकायचं असतं. डेली सिटीत धुकं इतकं का, यावर त्यांचं उत्तर ठरलेलं आहे: सगळे फिलिपिनो एकाच वेळी राइस कुकर लावतात म्हणून!

एक गोष्ट नीट समजून घे. केंद्रात तुला सगळे सारखे म्हातारे दिसतात, पण ते एकाच वाटेनं आलेले नाहीत. १९२० आणि ३०च्या दशकांत शेतमजुरीला आलेले मानोंग आता राहिले नाहीत. त्यातल्या बहुतेकांना लग्नच करता आलं नाही, कारण बरोबरीच्या बायका आलेल्या नव्हत्या आणि कॅलिफोर्नियाचा कायदा गोऱ्या बाईशी लग्न करू देत नव्हता. ८ सप्टेंबर १९६५ला डेलानोत द्राक्षमळ्यांचा संप सुरू केला तो याच लोकांनी, लॅरी इटलिओंग त्यांचे पुढारी. म्हातारपणी त्यांना राहायला जागा नव्हती, म्हणून डेलानोत १९७४ साली आगबायानी व्हिलेज उभं राहिलं. सॅन फ्रान्सिस्कोच्या इंटरनॅशनल हॉटेलमधल्या म्हाताऱ्यांना मात्र ४ ऑगस्ट १९७७च्या पहाटे पोलिसांनी बाहेर काढलं. तुझ्या केंद्रातल्या कोणी हे डोळ्यांनी पाहिलेलं असू शकतं. विषय निघाला तर ऐक, आपणहून काढू नकोस.

आज तुझ्यासमोर बसतात ते बरेचसे १९६५च्या इमिग्रेशन कायद्यानंतर आलेले: नर्स, हिशेबनीस, अमेरिकी नौदलात स्वयंपाक्या-वाढप्याचं काम करून वर चढलेले. यांच्याकडे पेन्शन आहे, गाडी आहे, मैत्रिणी आहेत. दुसरे आहेत ते साठी उलटल्यावर मुलांनी बोलावून घेतलेले, नातवंडं सांभाळायला. नातवंडं शाळेत जाऊ लागली की यांचा दिवस एकदम रिकामा होतो. गाडी चालवता येत नाही, स्वतःची कमाई नाही, मेडिकेअर, म्हणजे म्हाताऱ्यांसाठीचा सरकारी आरोग्यविमा, विकत घ्यायचं म्हटलं तरी ग्रीन कार्डावर पाच वर्षं काढावी लागतात. केंद्रात जे भिंतीच्या कडेला बसतात ते बहुधा हेच. माझं ऐकशील तर तुझा जास्तीत जास्त वेळ त्यांना दे.

आणि कोणालाही 'मग परत का जात नाही?' असं विचारू नकोस. मेडिकेअर समुद्रापलीकडे चालत नाही. ज्यांचं पोट एसएसआयवर, म्हणजे गरीब म्हाताऱ्यांना मिळणाऱ्या सरकारी भत्त्यावर आहे त्यांनी सलग तीस दिवस देशाबाहेर काढले की ते पैसे बंद होतात. नातवंडं इथं, आईवडिलांच्या समाध्या तिथं. हा हिशेब ते रोज रात्री घालत असतात, तुझ्या प्रश्नानं त्यात भर नको.

संकोचाबद्दलही सांगायला हवं. त्याला ते 'हिया' म्हणतात. 'ओके लांग', म्हणजे ठीक आहे, हे उत्तर तुला दिवसातून वीसदा मिळेल. एवढी वर्षं नर्सिंग केलेली मी, पण शेजारच्या आतेचं 'ओके लांग' मी चार महिने खरं मानलं. एके दिवशी तिच्या ओट्यावर गोळ्यांची डबी उघडी होती. प्रत्येक खणात अर्धीच गोळी. रक्तदाबाची गोळी ती सुरीनं कापून खात होती, वाचलेले पैसे भाचीच्या कॉलेजला पाठवत होती. मी तिला बोलले नाही. तिच्याशेजारी बसून दोघींनी मिळून फार्मसीला फोन केला, त्याच औषधाचा स्वस्त प्रकार मिळाला. म्हणून पहिल्या 'ओके लांग'वर थांबू नकोस, दुसऱ्यावरही नाही. तिसऱ्यांदा विचारताना शेजारी बसून विचार, समोर उभी राहून नको.

आता तुझा बिंगो. अमेरिकेतल्या दर शंभर नर्समध्ये साधारण चार फिलिपिनो, पण नॅशनल नर्सेस युनायटेड या नर्सच्या संघटनेनं सप्टेंबर २०२०मध्ये केलेल्या मोजणीत कोविडनं गेलेल्या नर्सपैकी जवळजवळ एक तृतीयांश फिलिपिनो होत्या. जी माणसं आयुष्यभर दुसऱ्याची उशी नीट करत आली, त्यांना तू खुर्चीवर बसवून रमवू पाहतेस. त्यांना रमवू नकोस. त्यांना काम दे, आणि त्यांच्या हाताखाली तू राब. बुधवारी एका लोलाला म्हण, मला लुंपिया वळायला शिकवा. आवरणाची कड ओली करून ती बोटानं कशी दाबते ते बघ. तुझी पहिली दहा सुटतील, ती पुन्हा वळील आणि ओरडेल. ती ओरडली की समज, तू आत आलीस.

मी निवृत्तीनंतर एका केंद्रात स्वयंसेवक होते. तिथं एक दिवस नियम आला, घरचं अन्न आणायचं नाही. कारण स्वच्छतेचं होतं, चूक म्हणता येत नाही. पण दुपारच्या 'मेरियेंडा'ला, म्हणजे मधल्या खाण्याला, एकमेकींच्या डब्यात चमचे घालणं बंद झालं आणि महिन्याभरात अर्धी माणसं यायची थांबली. ती घरी बसली नव्हती, मॉलच्या फूड कोर्टात एका कॉफीवर तीन तास गप्पा मारत बसायची. केंद्रात जेवण फुकट होतं, पण कोणाला काही देता येत नव्हतं. तुझ्याकडे असा नियम असेल तर वरिष्ठांशी भांडू नकोस. केंद्राच्याच स्वयंपाकघरात, हातमोजे घालून, त्यांच्याकडून करून घेता येईल का, एवढं विचार. मिळेल परवानगी.

बाकी त्यांचा आठवडा तुला हळूहळू कळेल. बुधवारची नोव्हेनाची प्रार्थना, रविवारची चर्चमधली मिस्सा, लाइन डान्स, कोणाकडे तरी कराओके. गायला सांगितलं तर गा, मराठी गाणं गा, सूर हरवला तरी चालेल. सप्टेंबर लागला की त्यांचा नाताळ सुरू होतो. डिसेंबरच्या १६ पासून २४ पर्यंत नऊ दिवस 'सिंबांग गाबी'ची प्रार्थना असते, आणि खिडकीत चांदणीच्या आकाराचा 'पारोल' लागतो, तो आपल्या आकाशकंदिलाचा सख्खा भाऊ. कोणी गेलं तर नऊ दिवस प्रार्थना, मग चाळिसावा दिवस. पाकिटात थोडे पैसे घालून जा आणि जेवायला थांब. परतताना थेट घरी जात नाहीत, वाटेत कुठं तरी टेकतात, गेलेल्याचा आत्मा मागे येऊ नये म्हणून. मैत्रिणी तुला कॉफीला चल म्हणतील. जा. आठवणी तिथंच निघतात.

आता माझं एक काम. आतेच्या गॅरेजमध्ये बालिकबायान खोकं, म्हणजे मायदेशी घरच्यांना पाठवायचं भेटींचं खोकं, भरायला काढलंय. जहाजानं जातं, वजनाचं बंधन नाही, खोक्याच्या आकाराचेच पैसे, म्हणून एक बोटभर जागा ती मोकळी सोडत नाही. तळाला टॉवेल, त्यावर कॉर्न्ड बीफ आणि स्पॅमचे डबे, फटींत टूथपेस्ट, बुटांच्या आत मोजे, मोज्यांच्या आत चॉकलेटं. झाकणाच्या आतल्या बाजूला बॉलपेननं नावांची यादी, सतरा नावं. त्यातल्या चार जणांना तिनं कधी पाहिलेलं नाही, ती इकडे आल्यावर जन्मलेली आहेत. त्यांच्या चपलांचे नंबर मात्र तिला पाठ आहेत. नाताळच्या आत पोचायचं तर खोकं आता निघायला हवं. टेप लावताना एकीनं झाकणावर बसावं लागतं, आणि माझे गुडघे आता ते करू देत नाहीत.

शनिवारी दुपारी चारला ये. उजव्या कोपऱ्यात तळहाताएवढी जागा उरलीय, तिथं काय घालायचं ते आतेनं ठरवलेलं नाही. तुझ्या हातानं काहीतरी आण. आणि जेवून येऊ नकोस.

तुझी,
मावशी