पाठीवरच्या 59 पौंडांविषयी

प्रिय दोस्ता,

डंजन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून गोष्ट रचायच्या खेळातली तुझी कॅरेक्टर शीट, म्हणजे तुझ्या पात्राची नोंद, पाहिली. एल्फ वंशाचा विझर्ड, म्हणजे जादूगार; बॅकग्राउंड सेज, म्हणजे आधीचा विद्वान; स्ट्रेंग्थ, म्हणजे ताकद, 8. मंत्र विचार करून निवडलेस, पूर्वेतिहासही झकास लिहिलास. सामानाच्या चौकटीत मात्र ‘एक्सप्लोरर्स पॅक’ (प्रवासी सामानाचा तयार संच) एवढं खरडून मोकळा झालास. म्हणून हे पत्र.

तो पॅक एकदा उघडून बघ. तुमच्या टेबलावर डंजन्स अँड ड्रॅगन्सची पाचवी आवृत्ती, 2014चे नियम चालतात असं म्हणालास, म्हणून आकडे तिथलेच देते. पाठपिशवी 5 पौंड, अंथरूण 7, जेवणाचं मेस किट 1, चकमकीची डबी 1, दहा मशाली 10, दहा दिवसांचा शिधा 20, पाण्याने भरलेली पखाल 5 आणि पन्नास फुटी दोर 10. बेरीज 59 पौंड, म्हणजे जवळजवळ 27 किलो. सह्याद्रीत एवढं ओझं घेऊन कोणी ट्रेकला आला, तर लीडर त्याला पायथ्यालाच सॅक रिकामी करायला लावेल.

मूळ नियमाप्रमाणे तू स्ट्रेंग्थच्या पंधरापट, म्हणजे 120 पौंड उचलू शकतोस, त्यामुळे बरेच डीएम (खेळ चालवणारे डंजन मास्टर) वजनाकडे बघतही नाहीत. पण एक ऐच्छिक नियम आहे आणि तुमचा डीएम तो वापरतो का, हे पहिल्या सेशनआधी विचारून घे. त्यात स्ट्रेंग्थच्या पाचपटीच्या वर वजन गेलं की वेग 10 फुटांनी घटतो. तुझ्यासाठी ही मर्यादा 40 पौंड. म्हणजे मंत्रांची वही हातात घेण्याआधीच तू रखडत चालणार, आणि गॉब्लिन मागे लागले की सगळ्यात आधी तूच सापडणार.

तेव्हा शिधा तीन दिवसांचाच ठेव, बाकीचा वाटून टाक. दोर फायटरला, म्हणजे तुमच्यातल्या लढवय्याला दे. मशाली दोन पुरेत. मेस किटला रामराम. 26 पौंड उरतात. त्यात वही, खंजीर, मंत्रसामग्रीची पिशवी आणि अंगावरचे कपडे धरले तरी 35 होतात. 40 पर्यंत उरलेल्या पाच पौंडांचं काय करायचं ते पुढे सांगते.

आता उजेडाचं बघू. एल्फ आहेस, डार्कव्हिजन (अंधारात बघायची शक्ती) आहे, म्हणून तू निश्चिंत असशील. नियम पुन्हा वाच. मिट्ट काळोख तुला अंधुक उजेडासारखा दिसतो, तोही करड्या छटांत, आणि फक्त 60 फुटांपर्यंत. अंधुक उजेडात डोळ्यांनी काही हेरायचं तर परसेप्शनच्या (निरीक्षणाच्या) रोलला डिसअ‍ॅडव्हान्टेज (दोन फासे टाकून लहान आकडा धरायचा), पॅसिव्ह परसेप्शन (रोल न करता आपसूक दिसण्याचा आकडा) थेट पाचने कमी. फरशीतली बारीक फट, छताला चिकटलेलं काहीतरी, दोन खांबांमध्ये ताणलेली तार, हे नेमकं तिथेच निसटतं. पार्टीत, म्हणजे तुमच्या चमूत, डार्कव्हिजन नसलेला एखादा मानव वंशाचा असेल तर तो बिचारा आंधळाच.

मशाल एक तास जळते; 20 फूट लख्ख उजेड, पुढचे 20 फूट अंधुक. झाकणाचा कंदील 30 आणि 30 फूट देतो, एका कुपीभर तेलावर सहा तास चालतो आणि झाकण खाली ओढलं की उजेड पाच फुटांवर येतो, तोही अंधुक. पण खरी अडचण हातांची आहे. फायटरच्या एका हातात तलवार, दुसऱ्यात ढाल. क्लेरिकचंही (पुजाऱ्याचंही) बहुधा तेच. धनुष्य चालवायला दोन्ही हात लागतात. मग मशाल कोण धरणार? हा प्रश्न लढाई सुरू झाल्यावर निघाला की टेबलावर दहा मिनिटं वाद होतो. मी डीएम म्हणून बसते तेव्हा तो ऐकत चहा पिते.

तुझ्याकडे लाइटचा मंत्र आहे ना? तो फायटरच्या ढालीवर टाक, कोणाचाच हात अडकत नाही. पण एका वेळी एकच वस्तू उजळते. दुसरीकडे मंत्र टाकलास की पहिली विझते. पार्टी दोन वाटांनी गेली की एक वाट अंधारात. शिवाय त्या उजेडाने कोळ्यांची जाळी पेटत नाहीत. म्हणून दोन मशाली तरीही ठेव.

सेज असल्यामुळे तुझ्याकडे सोन्याची 10 नाणी आहेत. तलवारींचं पान उघडू नकोस. 5 नाण्यांना हीलर्स किट येतं, दहा वेळा वापरता येतं. शून्य हिट पॉइंटवर (जीवशक्ती संपून) पडलेल्या माणसाला ते कुठलाही रोल न करता स्थिर करतं. तो उठून बसणार नाही, पण डेथ सेव्हचं, म्हणजे जगतो की मरतो ते ठरवणाऱ्या रोल्सचं, शुक्लकाष्ठ तिथेच संपतं. बरं करणाऱ्या औषधाची एक कुपी 50 नाण्यांची, त्यापुढे हे फुकटच म्हणायचं. वजन 3 पौंड, आणि ते तुझ्याकडेच राहू दे. पहिल्या फळीतला माणूस स्वतः आडवा पडल्यावर किट त्याच्या पाठीवर असून काय उपयोग?

2 नाण्यांची पहार घे आणि ताकदवान माणसाकडे दे. जिथे तरफ लावता येते तिथे दोन फासे टाकून मोठा आकडा धरायचा, म्हणजे स्ट्रेंग्थच्या रोलला अ‍ॅडव्हान्टेज मिळतो. 1 नाण्यात हजार धातूचे छर्रे येतात, ते रोगकडे, म्हणजे तुमच्यातल्या चपळ चोराकडे. पळताना मागे ओतले की पाठलाग करणाऱ्यांना डीसी 10चा डेक्स्टरिटी सेव्ह, म्हणजे चपळाईच्या रोलमध्ये किमान 10 हवेत. चुकला तो आपटला. तेलाच्या दोन कुप्या चांदीच्या दोन नाण्यांत. तेलाने भिजलेला शत्रू मिनिटभरात आगीने भाजला, तर त्याला वरचे 5 डॅमेज, आणि फायर बोल्ट हा आगीचा मंत्र तुझ्याकडे आहेच. खडू तांब्याच्या एका नाण्याला एक. चार घे.

खडूला हसू नकोस. 1974 साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी हा खेळ आणला, तेव्हाच्या सामानाच्या यादीतही दहा फुटी काठी होती. तिला कसलाही बोनस नव्हता. खेळाडू म्हणायचा, ‘पुढची फरशी काठीने दाबून बघतो’, आणि डीएमला उत्तर द्यावं लागायचं. आजही तसं करता येतं. ‘परसेप्शन रोल करू?’ असं विचारलंस तर सगळं फाशावर गेलं. ‘आलो त्या वाटेवर प्रत्येक वळणाला खडूचा बाण काढतो’ म्हणालास, तर बहुतेक डीएम फासा मागतच नाहीत. तासाभराने मागे वळल्यावर त्यातला एक बाण उलटा दिसला, की भुयारात आणखी कोणीतरी आहे हे कळतं. कमी स्ट्रेंग्थच्या आणि मोजक्या हिट पॉइंटच्या विझर्डला हीच तर मोकळी जागा आहे. तेव्हा वस्तू विकत घेताना तिचा बोनस शोधू नकोस. ती हातात असताना तू डीएमला कुठलं वाक्य म्हणू शकशील, ते बघ.

सोन्याची पावणेदोन नाणी उरतील, ती खानावळीत लागतील. कंदील सगळ्यांनी वर्गणी काढून घ्या.

आणि पहिल्या सेशनला एक कोरा कागद ने. कोणाकडे काय आहे आणि कोणाच्या कुठल्या हातात काय आहे, एवढंच पेन्सिलीने लिहून टेबलाच्या मधोमध ठेव. दोर खड्ड्यात पडलेल्या माणसाच्याच पाठीवर निघाला, तर डीएम तुमची गय करणार नाही. मी तरी करत नाही.

तुझी,
ताई