‘स्कॅफोल्ड’साठी परांची

ऊतींच्या पुनर्निर्मितीवरील लेखाचे भाषांतर करणाऱ्या एका वाचकाने विचारले आहे की, ‘स्कॅफोल्ड’साठी, म्हणजे नवी ऊती घडताना पेशींना वाढायला दिलेल्या आधारासाठी, कोणी ‘सांगाडा’ लिहितात, कोणी ‘मचाण’, तर यांतला कोणता शब्द घ्यावा. माझा कौल दोन्हींना नाही. तो ‘परांची’ला आहे.

सांगाडा म्हटला की तो कायमचा असतो, मग तो जहाजाचा असो वा शरीराचा. शिवाय हाड भरून येण्याविषयी लिहिताना ‘सांगाड्यातील हाडासाठी सांगाडा’ अशी वाक्ये होऊन वाचक अडखळतो. मचाण ही राखणीला बसायची जागा.

परांची मात्र बांधकामापुरतीच असते. गवंडी बांबू उभे करतो, आडवे वासे काथ्याने आवळून त्यांची टोके भिंतीत मुद्दाम सोडलेल्या भोकांत रोवतो, वर फळ्या टाकतो आणि काम उरकले की सारे उतरवून ती भोके बुजवतो. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, उंदराच्या पाठीवरील मानवी कानाच्या आकाराच्या त्या गाजलेल्या प्रयोगात नेमके हेच घडले : पॉलिग्लायकॉलिक आम्लाच्या तंतूंना कानाचा आकार देऊन त्यांवर वासराच्या कूर्चापेशी (कूर्चा म्हणजे मऊ हाड) सोडल्या, आणि कूर्चा तयार होत गेली तसतसे ते तंतू नाहीसे होत गेले.

फरक एवढाच की, ही परांची उतरवायला कोणी येत नाही. शरीरातील पाण्याने तिच्या रेणुसाखळ्या तुटतात. म्हणून काटेकोर लेखनात ‘विरघळणारी’ न म्हणता ‘जैवविघटनशील परांची’ म्हणावे, कारण साखर विरघळते तेव्हा तिचा रेणू तुटत नाही. सामान्य वाचकासाठी मात्र ‘विरघळणारी’ खुशाल लिहावे, कारण याच जातीच्या पदार्थाच्या धाग्याने घातलेल्या टाक्यांना आपण सगळेच ‘विरघळणारे टाके’ म्हणतो. याउलट भट्टीत भाजलेले हायड्रॉक्सिॲपेटाइट (हाडातल्यासारखेच खनिज) हाडात वर्षानुवर्षे टिकून राहते. तेथे ‘सांगाडा’ लिहिण्यास माझी हरकत नाही.

‘नॅनोतंतूंची परांची’, ‘औषधवाहक परांची’ ही रूपेही सहज होतात. पहिल्या उल्लेखात शेजारी ‘स्कॅफोल्ड’ द्यावे, पुढे नुसते ‘परांची’ पुरे.

क्रियापदही जपून वापरावे. ‘पेशी परांचीवर पेरल्या’ ही संशोधकाची कृती, तर ‘पेशी परांचीत रुजल्या’ हे पेशींचे वर्तन. पेरलेल्या साऱ्याच पेशी रुजत नसल्याने या दोन वाक्यांची अदलाबदल केली, तर प्रयोगाचा निष्कर्षच बदलतो.