परफ्यूम घेताना: संत्रं उडून जातं, वाळा उरतो

दिवाळी आणि लग्नसराई जवळ आली की पुरुषांच्या महागड्या परफ्यूमबद्दल तेच ते प्रश्न पुन्हा येतात. सुगंध बनवण्याच्या धंद्यात इतकी वर्षं काढल्यावरही ऐकीव माहितीवर दहा-बारा हजार उधळलेले पाहिले की जीव तुटतो. म्हणून यावेळी नेहमीचेच प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न: ईडीटी (ओ द त्वालेत, हलकं) घ्यावं की ईडीपी (ओ द पार्फम, जास्त तीव्र)?

रोज ऑफिसला ईडीटी, संध्याकाळच्या समारंभाला ईडीपी.

प्रश्न: दिवाळसणाला जावयांना परफ्यूम द्यायचं आहे. बजेट 12,000 रुपये. एका व्हिडिओत एर्मेस या फ्रेंच कंपनीच्या 'तेर' या परफ्यूमचं फार कौतुक ऐकलं. 100 मिलीची बाटली मागवू का?

नका मागवू. व्हिडिओतून वास येत नाही आणि बोलणाऱ्याची त्वचा म्हणजे तुमच्या जावयांची त्वचा नव्हे.

दुकानातही हाच घोटाळा होतो. विक्रेता कागदाच्या पट्टीवर फवारा मारून देतो, आपण हुंगतो, 'वा' म्हणतो आणि कार्ड पुढे करतो. तेव्हा नाकात शिरलेलं असतं ते लिंबू, बर्गामॉट (लिंबाच्या जातीचंच एक फळ), ग्रेपफ्रूट असं हलकं तेल, आणि ते पंधरा-वीस मिनिटांत उडून जातं. सौदा त्या पहिल्या पाच मिनिटांत पटतो हे बनवणाऱ्यांना पक्कं ठाऊक असतं. म्हणून कित्येक परफ्यूमची सगळी चमक तिथेच ओतलेली असते. माणूस मात्र दिवसभर वागवतो तो तळाचा वास.

'तेर'चंच घ्या. 2006 साली सुगंधकार ज्याँ-क्लोद एलेना यांनी केलेलं हे काम मला मनापासून आवडतं. मनगटावर मारलं की आधी संत्र्याची साल नखाने सोलल्यासारखं वाटतं. थोड्या वेळाने मिरी वर येते आणि तिच्याबरोबर गारगोट्या एकमेकींवर घासल्यावर येतो तसा कोरडा वास. जेवणाच्या वेळेपर्यंत संत्रं गेलेलं असतं. उरतं देवदारासारखं लाकूड आणि वाळा. उन्हाळ्यात आपण माठात टाकतो तोच वाळा, फक्त ओलावा काढून घेतलेला. जावयांना संत्रं आवडलं आणि वाळा सोसला नाही, तर बाटली कपाटातच राहणार.

म्हणून आधी मुलीला विचारा, ते सध्या काय वापरतात. 2 मिलीचे दोन-तीन नमुने आणा. जावयांना एका दिवशी एकच, मनगटावर मारून सहा तास वागवू द्या, तेही घाम येईल अशा दिवशी. मध्येच कॉफीच्या बिया हुंगायला देतात, त्यांचा उपयोग नाही. आपल्याच शर्टाची बाही हुंगावी. पसंत पडलं तर 50 मिली पुरे. दिवाळीला वेळ नसेल तर नमुनेच भेट द्या आणि बाटली त्यांना निवडू द्या.

प्रश्न: क्रीड कंपनीच्या अव्हेंटस या महागड्या परफ्यूमची 'फर्स्ट कॉपी' 1,500 रुपयांत मिळतेय. विकणारा म्हणतो, मूळ कारखान्यातलाच जादा माल आहे. घेऊ का?

नकली आहे, घेऊ नका. खोक्यावरचा आणि बाटलीवरचा बॅच कोड (मालाच्या खेपेचा क्रमांक) जुळतो हा पुरावा नाही. नकली माल बनवणारे तोही छापतात. आत काय आहे याचा पत्ता नसलेलं द्रव गळ्यावर मारायचं नसतं.

प्रश्न: मानेवर जिथे परफ्यूम मारतो तिथे काळपट ओघळ उमटलाय. आई म्हणते घामाने, मित्र म्हणतो अल्कोहोलने. दोन महिने लिंबू चोळतोय.

दोन महिने! लिंबू आजच बंद करा, परफ्यूमही. बर्गामॉटच्या तेलातलं बर्गाप्टेन नावाचं द्रव्य त्वचेवर असताना ऊन लागलं की असे डाग पडू शकतात आणि लिंबातही त्याच जातीची द्रव्यं असतात. चांगल्या कंपन्या बर्गाप्टेन काढून टाकलेलं तेल वापरतात. स्वस्त मालाची खात्री नाही. अर्थात ही अ‍ॅलर्जीही असू शकते, आणि ते पत्रावरून सांगता येत नाही. बाटली सोबत घेऊन याच आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. गरज वाटली तर ते पॅच टेस्ट (त्वचेवर पट्टी लावून अ‍ॅलर्जीची तपासणी) करतील.

प्रश्न: मग कनौजचं अत्तर बरं ना? नैसर्गिक आहे.

तांब्याच्या देगेतून भपक्यात (वाफ गोळा करणाऱ्या भांड्यात), चंदनाच्या तेलावर उतरवलेलं खरं अत्तर ही फार सुंदर गोष्ट आहे. पण नैसर्गिक म्हणजे निर्धोक नव्हे. गुलाबातलं जिरॅनिऑल हे सुगंधी द्रव्यसुद्धा काहींना सोसत नाही. कोपराच्या आतल्या बाजूला रोज थेंबभर, असं आठवडाभर लावून पाहा. घरात कुणाला दमा किंवा मायग्रेन असेल तर आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा. आणि दोनशे रुपयांत शुद्ध चंदनाचं अत्तर कुणीही देऊ शकत नाही.

प्रश्न: बाथरूमच्या कपाटातली बाटली किती वर्षं टिकेल?

आधी ती बाथरूममधून काढा. खोक्यात घालून कपड्यांच्या कपाटात ठेवा. रंग गडद झाला असेल आणि पहिला वास आंबूस येत असेल, तर अंगाला लावू नका.