'दुर्बलबद्ध' की 'सैल बांधलेला'?

विक्रोळीच्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: "ऋण आयनांमधल्या 'वीकली बाउंड' इलेक्ट्रॉनवर मराठीत लेख लिहिते आहे. मी 'दुर्बलबद्ध' लिहिलं, सर 'क्षीणबद्ध' म्हणतात. बरोबर काय?" (ऋण आयन म्हणजे जादा इलेक्ट्रॉन घेतलेला अणू किंवा रेणू; 'वीकली बाउंड' म्हणजे त्यात कमी ओढीने धरलेला.)

मला विचाराल तर दोन्ही नकोत. सरळ 'सैल बांधलेला इलेक्ट्रॉन' लिहा.

'क्षीण'मध्ये झीज आहे. आवाज क्षीण होतो, प्रकृती क्षीण होते; आधी बरं होतं, मग खालावलं. इथे काहीच खालावलेलं नाही. 'दुर्बल' त्याहून बरा, पण तो फक्त बंधनात जोर नाही एवढंच सांगतो. असा इलेक्ट्रॉन राहतो कुठे, हे राहूनच जातं.

आणि खरी गंमत तिथेच आहे. रेणूचं एक टोक किंचित धन आणि दुसरं किंचित ऋण असेल, तर धन टोकाच्या ओढीने जादा इलेक्ट्रॉन रेणूच्या बाहेरच, रेणूपेक्षा कितीतरी मोठ्या जागेत पसरून राहू शकतो. ओढ मात्र पुरेशी हवी. फर्मी आणि टेलर या भौतिकशास्त्रज्ञांनी १९४७ मध्ये काढलेली किमान मर्यादा १.६२५ डिबाय (रेणूच्या दोन टोकांतला हा धन-ऋण भेद मोजण्याचं एकक), प्रत्यक्षात रेणू फिरत असल्यामुळे साधारण २.५ लागतात. म्हणून पाण्याच्या एकट्या रेणूला (१.८५) हे जमत नाही, ॲसिटोनायट्राइल या द्रावकाच्या रेणूला (३.९) जमतं.

भाऊच्या धक्क्यावर होडी बांधताना बघा. उधाणाला इथलं पाणी चार-साडेचार मीटर चढतं-उतरतं. दोर ताणून बांधला तर सुकतीला होडी दोरावर लटकेल, म्हणून तो सैल सोडतात. होडी धक्क्यापासून लांब डुलत राहते, तरी असते बांधलेलीच. 'सैल' या एका शब्दात कमी ताण आणि जास्त वावर, दोन्ही आले. 'दुर्बल दोर' म्हटलं की डोळ्यांपुढे येतो तो तुटायला आलेला दोर.

'शिथिलबद्ध' कुणीतरी सुचवेलच. पण निर्बंध शिथिल होतात ते आधी कडक असतात म्हणून. फिनॉक्साइड या ऋण आयनाच्या बाबतीत हे चालून जाईल. त्याचा इलेक्ट्रॉन मुळात घट्ट असतो. तो सोडवायला सुमारे २.२५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, म्हणजे हिरव्या प्रकाशाइतकी ऊर्जा लागते. थंड केलेल्या आयनांवर लेसर टाकून त्याचा रंग बारीक-बारीक बदलत नेला, तर या उंबरठ्याच्या जेमतेम ०.०१२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट खाली एक सैल अवस्था सापडते. रेणू कंप पावत असेल, तर ती कंपनाची ऊर्जाच या अवस्थेतल्या इलेक्ट्रॉनला बाहेर ढकलते, आणि लेसरच्या ठरावीक रंगांना सुटलेल्या इलेक्ट्रॉनांची संख्या एकदम उसळते. ॲसिटोनायट्राइलमध्ये मात्र तो पहिल्यापासून सैलच असतो. तिथे 'शिथिल' खोटा पडतो.

'डिटॅचमेंट'लाही 'विलगन' नको. गाठ सैल असते आणि सुटते. मराठीत ही जोडी तयारच आहे. तुमचं वाक्य मी असं लिहीन: "लेसरच्या प्रकाशाने ऋण आयनातला सैल बांधलेला इलेक्ट्रॉन सुटतो, आणि तो कोणत्या रंगाला सुटला यावरून तो किती सैल होता ते कळतं."